दुखत्या अंगाने नमाज

मागल्या पावसाळ्यात शाळेतून रजा काढून मी पंधरा दिवस माहेरी राहिले. घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. अम्मीचे वय बहात्तर. दोन-तीन दिवसांतच माझ्या लक्षात आले की असरची अजान झाली की अम्मीला हटकून काहीतरी काम आठवते. कधी वाळत घातलेले कपडे आत आणायचे असतात, कधी मासेवाली येऊन गेली का ते बघायचे असते, कधी कोंबड्या मोजायच्या असतात. आमच्या लहानपणी अजान संपायच्या आत आम्हाला वजूला पिटाळणारी ही बाई आता मगरिबला वीस मिनिटे उरली की कुठे मुसल्ला पसरायची.

मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलेच. ती बराच वेळ कपात बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, मला नमाजची भीती वाटायला लागलीय."

गुडघे दुखतात हे घरात सगळ्यांना माहीत होते. किती दुखतात हे कुणालाच माहीत नव्हते. "उभी राहिले की पुढचा सजदाच डोळ्यांसमोर येतो," ती सांगू लागली. "सजद्यात गेले की आता उठायचे कसे, एवढेच डोक्यात. अल्हम्दु शरीफ वाचली की नाही तेही कधीकधी आठवत नाही. ही नमाज कसली, नुसती कसरत. साठ वर्षे पढले आणि शेवटी शेवटी हे असे." तिच्या उशीखाली वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे मला त्याच दिवशी सापडली. रमजानात तरावीहच्या आधी ती दोन-दोन गोळ्या घेत होती, तेही डॉक्टरांना न विचारता, शेजारच्या मुलाकडून दुकानातून मागवून.

मोहल्ल्यात अम्मीचे कौतुक होते. "चाची बघा, या वयातही उभ्याने पढतात, नाहीतर आजकालच्या पोरी!" हे कौतुक तिला चांगलेच महागात पडले होते. एकदा लोकांनी आपल्याला मजबूत म्हटले की मग खुर्ची मागायची लाज वाटते.

सासरी परतल्यावर मी ओळखीच्या बायकांना हळूच विचारू लागले. एकीची कंबर, एकीची मान, एकीला अर्धशिशी, एक नुकती कर्करोगाच्या उपचारांतून उठलेली. जवळजवळ प्रत्येकीने आधी "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे" म्हटले आणि चहा अर्धा झाल्यावर खरे सांगितले. त्यांच्या बोलण्यात नमाज सुटल्याची खंत क्वचित होती. पढूनही ती पढल्यासारखी वाटत नाही, ही खंत जास्त होती. म्हणून हे लिहायला घेतले. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. जे विचारून घेतले आणि जे पाहिले, तेवढेच सांगते.

आधी थोडा हिशेब. दिवसभराच्या फर्ज नमाजा 17 रकाती आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे 34. हनफी घरातल्या बाईने सुन्नते मुअक्कदाच्या 12 आणि वित्रच्या 3 रकाती धरल्या तर रकाती 32 आणि सजदे 64 होतात. निरोगी माणसाला हा आकडा जाणवतही नाही. ज्याचा गुडघा झिजला आहे त्याच्यासाठी प्रत्येक सजदा म्हणजे दोन प्रवास आहेत, एक खाली जायचा आणि एक वर यायचा. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की हाड हाडाजवळ येते, आणि गुडघा जितका जास्त दुमडावा तितका सांध्यावरचा दाब वाढतो. अत्तहियातला आपण बसतो तेव्हा गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडलेला असतो, साधारण 150 अंशांपर्यंत. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेला गुडघा बहुधा 110 ते 120 अंशांच्या आसपास थांबतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघ्यांवर बसायला मना करतात. ते ऐकून एक मामी मला म्हणाल्या होत्या, "गुडघा नवीन मिळाला, पण मुसल्ला गेला." त्यांचा मुसल्ला गेलेला नव्हता. पण त्यांना तसे वाटले, आणि त्या दिवशी त्यांची समजूत काढणारे कुणी जवळ नव्हते.

प्रत्येक दुखणे नमाजमध्ये वेगळ्या जागी आडवे येते. गुडघ्याचे वैर कअद्याशी. कंबरेचे रुकूशी. मानेच्या मणक्याचे दुखणे असेल तर सलाम फेरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अर्धशिशीवाल्याला सजद्यात डोके खाली गेले की ठणका दुप्पट होतो. खांदा आखडलेल्या माणसाला तकबीरला हात कानापर्यंत नेणे हेच मोठे काम. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा: कळ, चमक, ठणका, उसण, टोचणी, मुंग्या. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते "दुखते" म्हणण्यापेक्षा यातला नेमका शब्द सांगितला, आणि नमाजच्या कोणत्या अवस्थेत दुखते तेही सांगितले, तर त्यांना निदान करायला सोपे जाते. डॉक्टर मुस्लिम नसले तरी सांगावे. मी माझ्या डॉक्टरांना त्यांच्या खोलीतच रुकू करून दाखवला होता.

कारण चार वर्षांपूर्वी माझ्याही कंबरेतल्या दोन मणक्यांमधली चकती सरकली होती. डाव्या पायात घोट्यापर्यंत चमक जायची. सजद्यात मला उलट आराम वाटायचा. रुकूतून सरळ होताना मात्र जीव कासावीस व्हायचा. त्या दीड महिन्यात मला कळले की वेदना ही नमाजच्या शेजारी उभी राहत नाही, ती आत शिरते. डोक्यात एकच जागा असते आणि ती तिनेच बळकावलेली असते. "सुब्हान रब्बियल अजीम" तीनदा म्हणायचे तर पहिल्यातच मोजणी सुटायची. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, आणि दुखणे जाणार आहे हे मला माहीत होते. अम्मीला ती खात्री नव्हती.

आपल्याकडे वाजांमधून आणि इज्तिमांमधून काही किस्से फार ऐकवले जातात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका मोहिमेवरून परतताना रात्रीच्या पहाऱ्यावर दोन सहाबी होते. एक झोपले आणि दुसऱ्यांनी नमाज सुरू केली. शत्रूने बाण मारला. त्यांनी तो काढून टाकला आणि नमाज चालू ठेवली. असे तीन बाण लागले. अबू दाऊदच्या संग्रहात ही हकिकत आहे, आणि सीरतकारांनी त्या सहाबींचे नाव हजरत अब्बाद बिन बिश्र (रजि.) असे दिले आहे. किस्सा खरोखर अंगावर काटा आणणारा आहे. पण तो सांगताना शेवट गाळला जातो. तिसऱ्या बाणानंतर त्यांनी रुकू आणि सजदा करून साथीदाराला जागे केले. रक्त पाहून तो साथीदार चकित झाला आणि पहिल्याच बाणाला मला का उठवले नाही, असे त्याने विचारले. त्या रात्री तिथे दोन सहाबी होते. दुसऱ्याचा हा प्रश्नही हदीसमध्ये जपून ठेवला आहे.

हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) यांचा पाय कापल्याचा किस्साही असाच. तो वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितला जातो. आपल्याकडे आवडीने सांगतात तो प्रकार म्हणजे नमाज सुरू असताना पाय कापला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. त्या बुजुर्गांचा सब्र मोठाच होता. पण गुडघेदुखीने रडकुंडीला आलेल्या बाईला हा किस्सा ऐकवला तर तिच्या मनात काय येते? माझा ईमान पक्का असता तर मलाही दुखले नसते. अम्मीच्या मनात नेमके हेच बसले होते. वक्त्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या अंगात काय चालले आहे ते त्याला माहीत नसते.

मग प्रेषितांचे (स.) स्वतःचे काय झाले ते का सांगू नये? ते घोड्यावरून पडले, अंगाची उजवी बाजू खरचटली, तेव्हा त्यांनी बसून नमाज अदा केली. हजरत अनस (रजि.) यांची ही रिवायत बुखारीत आहे. अखेरच्या आजारात दोघांच्या आधाराने ते मशिदीत आले, तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर ओढले जात होते, आणि ते बसले. डोके दुखले तेव्हा त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांना आपले डोके दुखत असल्याचे सरळ सांगितले. इब्ने मसऊद (रजि.) ताप पाहायला आले, तेव्हा आपल्याला दोन माणसांइतका ताप चढतो, असे त्यांनी सांगितले. "मला काही होत नाही" असे ते म्हणाले नाहीत.

आणि दोरीची ती गोष्ट. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली प्रेषितांना (स.) दिसली. चौकशी केल्यावर कळले की ही जैनबची दोरी आहे, नमाज पढता पढता थकली की तिला धरून उभी राहते. प्रेषितांनी ती दोरी सोडायला सांगितली. अंगात उमेद असेल तोवर उभे राहावे आणि थकवा आला की बसावे, असा त्यांनी हुकूम दिला. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आमच्या घरातली दोरी म्हणजे अम्मीची भिंत होती. डाव्या हाताला, उठताना धरायची. तिथला चुना तळहाताएवढा झिजून खालची चिरेबंदी दिसू लागली होती.

भाऊ आमच्या जमातीच्या खतीब साहेबांना घरी घेऊन आला. ते वयाने लहान आहेत. अम्मीने त्यांना शेंबडे असल्यापासून पाहिले आहे. पडवीत बसले, चहा झाला. मला वाटले होते ते लगेच मसला सांगतील. त्यांनी आधी विचारले, "चाची, उभ्याने पढताना मन नमाजमध्ये राहते का?" अम्मीने मान खाली घातली. तिला वाटले चोरी पकडली गेली.

मग त्यांनी जे सांगितले ते मी तोवर कधीच ऐकले नव्हते. आम्ही कोकणी लोक शाफई. शाफई मसलकात असा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला की फर्ज नमाजमध्ये उभे राहणे हा रुक्न आहे, मग बसायची सवलत नेमकी केव्हा सुरू होते? माणूस अगदी उभाच राहू शकत नसेल तेव्हाच का? पाचव्या हिजरी शतकातले मोठे आलिम इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांनी याचे माप सांगितले: उभे राहिल्याने इतका त्रास होत असेल की नमाजमधला खुशू निघून जाईल, तर बसावे. इमाम नववी (रह.) यांनी त्यांचे हे मत आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. "म्हणजे चाची," खतीब साहेब म्हणाले, "मन उडते म्हणून तुम्ही स्वतःला गुन्हेगार समजत होतात. फुकहांनी त्याच गोष्टीला सवलतीची खूण मानले आहे. दुखण्याने मन उडू लागले म्हणजे बसायची वेळ झाली."

अम्मी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, "मग इतकी वर्षे कुणी सांगितले का नाही?" खतीब साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तुम्ही विचारले नाही, आणि आम्ही तुमच्याकडे पाहिले नाही."

यावर मला अबू दाऊदमधली आणखी एक हदीस आठवते. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. तयम्मुम चालेल का म्हणून त्याने सोबत्यांना विचारले. पाणी असताना तुला सवलत नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्याने डोक्यावर पाणी घेतले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) कळले तेव्हा ते फार संतापले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला असे ते म्हणाले, आणि माहीत नसेल तर विचारणे हाच त्यावरचा इलाज असल्याचे सांगितले. सवलत नाकारणाऱ्यांचा हेतू दीनदारीचाच होता. आपल्या घरांतही असे सोबती असतात. "अजून एवढी काही म्हातारी झाली नाहीस" असे म्हणणारे.

आता खुर्चीबद्दल, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. मूळ आधार हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) तीन पायऱ्या सांगितल्या: उभ्याने, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. मूळव्याध हे लोक चारचौघांत बोलायला लाजतात असे दुखणे. त्या सहाबींनी ते विचारले म्हणून आज सगळ्या उम्मतीची सोय झाली आहे.

सर्वांसाठी समान गोष्ट ही की दुखते ते सोडावे, जमते ते करावे. जमिनीवर बसून कपाळ टेकता येते पण पुन्हा उठता येत नाही, अशा माणसाने जमिनीवर बसूनच पूर्ण नमाज पढावी, सजदा जमिनीवरच करावा. त्याला खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करता येणार नाही. ज्याला गुडघ्यामुळे जमिनीवर बसणेच अशक्य आहे किंवा डॉक्टरांनी मना केले आहे, त्याच्यासाठी खुर्ची. फरक पडतो तो उभे राहता येणाऱ्या पण सजदा न करता येणाऱ्या माणसाबाबत. शाफईंत त्याने उभ्याने कयाम करावा, रुकू वाकून करावा आणि सजद्याच्या वेळी बसून इशारा करावा. हनफी ग्रंथांतले प्रसिद्ध मत असे की सजदा जमत नसेल तर कयामची सक्ती उरत नाही, बसून इशाऱ्याने पढता येते. आजचे काही हनफी उलमा मात्र जमेल तितके उभे राहावे असे सांगतात. माझे माहेर शाफई, सासर मिरजेकडचे हनफी, त्यामुळे दोन्हीकडच्या खुर्च्या मी पाहिल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या मशिदीत शेजारचा माणूस वेगळ्या रीतीने बसलेला दिसला तर त्याला टोकू नये. तो बहुधा त्याच्या मसलकाप्रमाणे बरोबरच असतो. आणि आपल्या दुखण्याचा नेमका मसला आपल्या इमाम साहेबांना विचारावा, माझ्या लेखावरून ठरवू नये.

इशारा करताना सजद्यासाठी डोके रुकूपेक्षा जास्त झुकवायचे, एवढे पुरे. समोर स्टूल ठेवून त्यावर कपाळ टेकायची किंवा उशी कपाळाला लावायची गरज नाही. हजरत जाबिर (रजि.) यांच्या एका रिवायतीत प्रेषितांनी (स.) एका आजाऱ्याची अशी उशी काढून टाकल्याचे येते.

वजूचे दुखणे वेगळेच. आमच्याकडे बायका न्हाणीत उकिडव्या बसून वजू करतात. संधिवात असलेल्या बाईचा अर्धा जीव तिथेच जातो. एक उंच पाट किंवा स्टूल, गरम पाण्याची बादली आणि भिंतीत बसवलेली पकडायची दांडी, एवढ्याने फज्र सोपी होते. आम्ही अम्मीसाठी ही दांडी बसवायला अठ्ठेचाळीस तास घेतले नाहीत, पण ती गरज लक्षात यायला सात वर्षे घेतली. पाण्याने आजार वाढण्याची खरी भीती असेल तर तयम्मुम आहे. त्याची परवानगी सूरह अल-माइदात, वजूच्याच आयतीत, आजाऱ्याचे नाव घेऊन दिली आहे. माझ्या भाच्याचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता, तेव्हा प्लास्टरवर काय करायचे हा प्रश्न आला. हनफींत ओला हात प्लास्टरवरून फिरवणे पुरते, शाफईंत त्यासोबत तयम्मुमही करतात. त्याची खाट अशी होती की पाय पूर्वेला. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना विनंती केल्यावर त्यांनी चाकांची खाट पाच मिनिटांसाठी फिरवून दिली. फिरवायला कुणीच नसेल तर आहे त्या दिशेला तोंड करून पढावी, वेळ जाऊ देऊ नये. ती नंतर पुन्हा पढायची का, यात मसलकांत फरक आहे.

पण खरी अडचण याच्याही पुढे राहतेच. खुर्ची मिळाली, दांडी बसली, तरी दुखणे पूर्ण जात नाही. कर्करोगाच्या उपचारांतून उठलेल्या त्या बहिणीच्या बोटांना अजून मुंग्या येतात आणि तोंडात फोड आहेत. तिने मला सांगितले की ती आता फक्त सूरह अल-फातिहा आणि सर्वांत छोटी सूरह वाचते, तसबीह एकेकदाच म्हणते आणि आजाराच्या वाईट दिवसांत नफ्ल सोडून देते. आधी तिला हे चोरीसारखे वाटायचे. मग तिने बुखारीतली ती हदीस ऐकली की माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला तर धडधाकट असताना जे अमल तो करत होता तेच त्याच्या नावे लिहिले जातात. "म्हणजे माझ्या तहज्जुद अजून चालू आहेत," ती हसून म्हणाली. तिला मी इतके मोकळे हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिले.

सजद्यात, किंवा सजद्याच्या इशाऱ्यात, ती हजरत अय्यूब (अ.) यांची दुआ करते. सूरह अल-अंबियात आलेली ही दुआ किती छोटी आहे! मला त्रास झाला आहे आणि तू सर्वांत जास्त दयाळू आहेस, एवढाच तिचा आशय. बरे कर असेही त्यात उघड म्हटलेले नाही. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की दुखत असताना वेदना विसरण्याचा आटापिटा करण्यापेक्षा तीच अल्लाहपुढे ठेवावी. नमाजमध्ये दुखणे आठवते म्हणून कष्टी होण्यापेक्षा, दुखताना कुणाला सांगायचे ते आठवले, हे काय कमी आहे? नमाजबाहेरही प्रेषितांनी (स.) हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांना शिकवलेला उपाय आहे. दुखत्या जागेवर हात ठेवून तीनदा बिस्मिल्लाह आणि सात वेळा अल्लाहची पनाह मागायची दुआ. सहीह मुस्लिममध्ये तिचे शब्द आहेत, मुलांकडून पाठ करून घ्यावेत. घरातल्या म्हातारीच्या गुडघ्यावर नातवाने हात ठेवून ती म्हटली तर गुडघ्याचे काय व्हायचे ते होवो, म्हातारीचा चेहरा बघण्यासारखा होतो.

औषध घेणे सब्रच्या विरुद्ध नाही हे आता पुन्हा सांगायची गरज नसावी, पण सांगावी लागते. इलाज करा असा प्रेषितांचा (स.) हुकूमच आहे. काटा रुतला तरी गुनाह झडतात या हदीसचा आधार घेऊन काटा रुतलेलाच ठेवायचा नसतो. मात्र वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. अम्मीच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी त्या बंद केल्या, दुसरे औषध दिले, मांडीचे स्नायू मजबूत करायचा व्यायाम दिला. व्यायाम असा: खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे, खाली आणायचा. अम्मी दहा मोजत नाही, दुरूद वाचते. डॉक्टर म्हणाले, चालेल.

इमाम साहेबांना एक विनंती करून ठेवते. हजरत मुआज (रजि.) यांच्या लांबलेल्या किराअतीची तक्रार प्रेषितांकडे (स.) गेली होती आणि प्रेषितांनी ती करणाऱ्याला गप्प केले नाही, मुआजना समज दिली. मागे कमजोर असतात, आजारी असतात, म्हातारे असतात. आपल्या सफीत कोण पाय बदलत उभा आहे ते इमामाला पाठीमुळे दिसत नाही. सलाम फेरल्यावर तरी बघावे.

अम्मीची खुर्ची साधी, प्लास्टिकची, हात असलेली. लादीवर सरकायची म्हणून भावाने तिच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले आहेत. पडवीच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी ती कायमची ठेवलेली असते. पहिला आठवडा अम्मी दार लावून पढत होती. मग एक दिवस शेजारची खाला आली, तिने खुर्ची पाहिली, काही बोलली नाही, आणि चार दिवसांनी तिच्या मुलाने तशीच खुर्ची आणली. कयामला अम्मी अजून उभी राहते, छोटी सूरह वाचते, सजद्याला बसते. कधी थंडीच्या दिवसांत दुखणे वाढले की बसूनच पढते.

परवा संध्याकाळी मी फोन केला. भाच्याने उचलला. असरची अजान होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती.

"दादी पढतायत," तो म्हणाला. "थोड्या वेळाने करा. आजकाल लांबवतात."